शनिवारवाड्याजवळचा वाडा: काय करावं?

कसबेकर: आमचा वाडा शनिवारवाड्यापासून 100 मीटरच्या आत. भिंतींना पोक आलंय. पलीकडच्या गल्लीत उंच इमारती उठल्या, आमच्याकडे बिल्डर फिरकत नाही. आई म्हणते, बरंच झालं, ओटा गेल्यावर भाजी निवडत गप्पा कुठं मारायच्या?

जुनापेठी: 2010च्या कायदादुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून 100 मीटरमध्ये नवं बांधकाम बंद, पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीने. तुम्हाला डागडुजीच, तीही परवानगी काढून.

लिफ्टवाली: आमचा वाडा पाडला. लिफ्ट झकास! पण गणपतीची वर्गणीसुद्धा आता इंटरकॉमवर मागतात.

मंडईकर: 2024मध्ये दाराशी मेट्रो आलीय. विकू नका हो.

कसबेकर: विकत नाही. पण डागडुजीचा खर्च कोण देणार? भाडेकरू महिना 25 रुपये देतात, तेही उपकार केल्यासारखे.