लोकलला चालतं, होस्टिंगवर ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’

निपाणी_कोड: ऊस बिलांची साइट आहे, मराठी-कन्नड. दोन्हींची लेबलं वेगवेगळ्या फाइलींत. लॉगिननंतर हेडर-लोकेशनने (हेडर म्हणजे पानाच्या मजकुराआधी ब्राउझरला जाणारी सूचना) डॅशबोर्डला पाठवतो. झॅम्पवर (माझ्याच संगणकावरचा चाचणी सर्व्हर) बिनतक्रार चालतं. होस्टिंगवर मराठी निवडली तर ठीक, कन्नड निवडली की वरची एरर, म्हणजे हेडरआधीच मजकूर गेला: आउटपुट सुरू कन्नड फाइलच्या ओळ १ वर. त्या ओळीत नुसता पीएचपीचा टॅग आहे. वर ओबी_स्टार्ट() (आउटपुट लगेच न पाठवता साठवणारं फंक्शन) टाकू काय? शिवाय बिलं बनताना गावांची नावं एकेक करून दिसायला हवीत, ती शेवटी एकदम येतात.

खानापूर_रोड: ओबी_स्टार्ट() नको. एरर झाकली जाईल, खोट तशीच राहील. उद्या त्याच फाइलवरून जेसन (प्रोग्राममध्ये डेटा देण्याघेण्याचा साचा) पाठवलंत तर काही प्रोग्रामना ते वाचता येणार नाही. टॅगच्या आधी बीओएम (बाइट ऑर्डर मार्क) आहे: ईएफ बीबी बीएफ, तीन बाइट, एडिटरमध्ये न दिसणारे. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीआधीचा नोटपॅड यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) फाइलला ते जोडायचाच. व्हीएस कोडमध्ये खाली उजवीकडे ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ दिसेल, त्यावर क्लिक करून साध्या यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा.

झॅम्पच्या पीएचपी.आयएनआय या सेटिंग फाइलमध्ये आउटपुट_बफरिंग (पाठवण्याआधी बफरमध्ये किती आउटपुट साठवायचं) सहसा ४०९६ असतं, म्हणून ते तीन बाइट बफरमध्येच थांबतात आणि हेडर निघून जातो. तुमच्या होस्टिंगवर ते ० असणार. आणि ४०९६ म्हणजे बाइट, अक्षरं नव्हेत. देवनागरी असो वा कन्नड, प्रत्येक चिन्हाला ३ बाइट. साधारण १३६५ चिन्हांत बफर भरला.

फाइलच्या शेवटचा, पीएचपीचा टॅग बंद करणारा ?> पण काढून टाका. त्याच्यामागची एक नवी ओळ पीएचपी गिळतं, दुसरी बाहेर पडते.

टिळकवाडी_सर्व्हर: गावांच्या नावांसाठी: प्रत्येक एकोनंतर (मजकूर छापणारी आज्ञा) आधी ओबी_फ्लश() (पीएचपीचा बफर रिकामा करतं), मग फ्लश() (तो मजकूर ब्राउझरकडे ढकलतं). उलट केलंत तर पीएचपीच्या बफरातला मजकूर मागेच राहतो. ओबी_फ्लश() बफर चालू असेल तरच, नाहीतर नोटीस येते. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर तोही साठवतो. पहिल्या एकोआधी ‘एक्स-अ‍ॅक्सेल-बफरिंग: नो’ हेडर पाठवा. तोही हेडरच, म्हणून आधी बीओएम काढा. झेडलिब.आउटपुट_कॉम्प्रेशन (आउटपुट दाबून लहान करतं, त्यासाठी साठवतं) त्या पानापुरतं कोडमधल्या आयएनआय_सेटने बंद होतं. आउटपुट_बफरिंग मात्र तसं बदलत नाही, ते .यूजर.आयएनआय या फोल्डरपुरत्या सेटिंग फाइलमध्ये लिहा. बदल दिसायला ३०० सेकंद लागू शकतात, लगेच दुसरीकडे शोधत बसू नका.

निपाणी_कोड: बीओएमच होता, लॉगिन झालं. नावंही एकेक येतात. पण बिलं चालू असताना त्याच ब्राउझरमध्ये दुसरं पान उघडत नाही.

टिळकवाडी_सर्व्हर: सेशन फाइलला (लॉगिनची माहिती ठेवणारी) कुलूप आहे, ते सुटेपर्यंत दुसरं पान थांबतं. युजर आयडी व्हेरिएबलमध्ये घ्या आणि लूपच्या आधी सेशन_राइट_क्लोज() करून कुलूप सोडा.