दवाखान्यातून आणलेल्या ठमीला तिची सख्खी बहीणच ओळखेना, असं का होतं?

ओंजळीतल्या_दोघी (धायरी)
नमस्कार मंडळी, चार दिवस नीट झोप नाहीये म्हणून लिहितेय. आमच्याकडे ठमी आणि बिट्टी अशा दोन मांजरी आहेत, सख्ख्या बहिणी. गेल्या पावसाळ्यात आमच्याच पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली भिजलेल्या सापडल्या, तेव्हा दोघी मिळून माझ्या ओंजळीत मावायच्या. तेव्हापासून एका ताटलीत जेवण, एका खुर्चीत झोप, कुठलं डोकं कुणाचं तेही कळायचं नाही. सोमवारी ठमीचं स्पेचं (पिल्लं होऊ नयेत म्हणून करतात ते) ऑपरेशन झालं, बिट्टीला सर्दी होती म्हणून डॉक्टर म्हणाले हिचं पुढच्या महिन्यात करू. सकाळी नेली, संध्याकाळी आणली. बास्केट हॉलमध्ये ठेवली तर बिट्टी नेहमीसारखी शेपूट वर करून पळत आली, जाळीला नाक लावलं आणि जागच्या जागी थिजली. मग वरचा ओठ ओढून, तोंड अर्धवट उघडं ठेवून दोन-चार सेकंद नुसती शून्यात बघत बसली. आणि नंतर जी फिस्कारली! शेपूट बाटली घासायच्या ब्रशएवढी फुगलेली. ठमी बिचारी गुंगीत, तिला उठताही येत नव्हतं.

आज चौथा दिवस, ठमी दिसली की बिट्टी गुरगुरते, दोनदा अंगावर धावून गेली. सासूबाई म्हणतात तिला राग आलाय, एकीलाच बाहेर नेलंत म्हणून. नवरा म्हणतो भांडू दे, आपापसात मिटवतील. मला काहीच कळत नाहीये. सख्ख्या बहिणीला एका दिवसात कुणी विसरतं का?

पेठेतली_मांजरवाली
ताई, आधी दोघींना वेगळ्या खोल्यांत ठेवा, आत्ता, हे वाचून झालं की लगेच. मिटवतील म्हणून अजिबात सोडू नका. आमच्याकडे तसंच सोडलं होतं आणि तीन दिवसांत एकीच्या कानाला जखम, दुसरी फ्रिजच्या मागून बाहेर यायला तयार नाही. शिवाय तुमच्या ठमीला ताजे टाके आहेत, एका झटापटीत उसवतील. दोघींना पाणी, खाणं, वाळूचा ट्रे सगळं आपापलं.

कर्वेनगरचा_दादा
विसरली वगैरे काही नाही हो, आणि रागही नाही. तुम्ही ते तोंड उघडं ठेवून बघण्याचं लिहिलंत ना, सगळं उत्तर त्यातच आहे. मांजराच्या टाळूवर, वरच्या पुढच्या दातांच्या अगदी मागे दोन बारीक छिद्रं असतात आणि तिथून वास वर एका वेगळ्याच इंद्रियापर्यंत पोचतो, लुडविग जेकबसन नावाच्या डॅनिश सर्जनच्या नावानं ते ओळखतात. गावाकडे बोकड ओठ वर करून मान ताणून उभा राहतो ते बघितलं असेल, तेच हे. म्हणजे बिट्टी त्या क्षणी शून्यात बघत नव्हती, वास तपासत होती. आणि तपासून तिला काय मिळालं? स्पिरिट, भुलीचं औषध, डॉक्टरांचे हातमोजे, शेजारच्या पिंजऱ्यातला कुत्रा, आणि घाबरलेल्या मांजराच्या अंगाला येणारा वास. ठमीचा वास त्यात कुठेच नाही.

मांजरं एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखतात असं आपल्याला वाटतं कारण आपण तसं ओळखतो. त्यांच्यात भरवसा नाकावर. गाल, हनुवटी, कानापुढचा भाग, शेपटीचं मूळ इथे वासाच्या ग्रंथी असतात, म्हणून ती येता-जाता एकमेकांना, सोफ्याला, आपल्या पायाला घासत असतात. एका घरातल्या मांजरांचा असा सगळ्यांचा मिळून एक वास तयार होतो, आणि तो ज्याच्या अंगाला तो आपला. तुमच्या दोघी एका खुर्चीत झोपायच्या तेव्हा तो रोज नव्यानं लागत होता, दवाखान्यात तो पुसला गेला. त्यात ठमी झोकांड्या खात चालणार, गळ्यात टाके चाटू नयेत म्हणून घालतात ती शंकूसारखी कॉलर असेल तर कान-मिशा कुठल्या दिशेला आहेत तेही दिसेना. बिट्टीच्या दृष्टीनं बहिणीसारखी दिसणारी कुणीतरी परकी घरात शिरलीये.

कुत्र्यांमध्ये भांडणानंतर मनवामनवी दिसते तशी मांजरांत फारशी दिसत नाही. माणसाजवळ यांचं राहणं फार जुनं, सायप्रसमध्ये माणसाच्या शेजारी पुरलेलं सुमारे ९५०० वर्षांपूर्वीचं मांजर सापडलंय, पण मूळ आफ्रिकेतलं रानमांजर एकट्यानं फिरून शिकार करणारं. एकट्यानं राहणाऱ्याला भांडून निघून जाणं पुरतं, समेटाची गरज पडत नाही. फ्लॅटमध्ये निघून जायला जागाच नसते, म्हणून तुमच्या मिस्टरांचं म्हणणं इथे लागू पडणार नाही.

कोथरूड_काका
दोघींना एकाच साबणानं आंघोळ घालून टाका, वास सारखा होईल. नाहीतर टाल्कम पावडर.

पेठेतली_मांजरवाली
काका, हात जोडते, आंघोळ नको. टाके काढेपर्यंत जखम कोरडी राहायला हवी. पावडर ती चाटणार आणि ती पोटात जाणार. आणि आंघोळीनं बिट्टीच्या अंगावरचा घरचा वासही जाईल, तोच तर आपल्याला ठमीला द्यायचाय.

ताई, आणखी एक, घरात फिनेलनं फरशी पुसत असाल तर थांबवा. त्यातल्या फिनॉलसारख्या गोष्टी मांजराच्या लिव्हरला झेपत नाहीत, पंजे चाटताना पोटात जातात, आणि कोपऱ्याकोपऱ्यात घासून ठेवलेला घरचा वासही धुऊन निघतो. साधं पाणी पुरे. दुखतंय म्हणून माणसांची गोळी तर चुकूनही देऊ नका, पॅरासिटामॉलनं मांजर दगावतं.

ओंजळीतल्या_दोघी (धायरी)
खूप आभार सगळ्यांचे. फिनेल वापरत होतो, आजपासून बंद. ठमी बेडरूममध्ये आहे, दाराखालून बिट्टी वास घेते आणि गुरगुरून निघून जाते. आता पुढे काय करू? आणि हे सांगायचं राहिलं, काल बिट्टीनं मलाही नख मारलं, मी ठमीजवळून उठून आले तेव्हा.

कर्वेनगरचा_दादा
तुमच्या हाताला ठमीचा, म्हणजे दवाखान्याचा वास होता. शिवाय चिडलेलं मांजर ज्याच्यावर चिडलंय तो हाताला लागत नसेल तर जवळ जो असेल त्याच्यावर काढतं. आमच्या गॅलरीत बाहेरचा बोका येऊन बसला की आमची मनी काचेतून त्याला बघून पेटायची आणि चावायची माझ्या पोटरीला. अशा वेळी उचलायला जायचं नाही, अंधाऱ्या शांत खोलीत एकटं सोडायचं, कधी कधी अर्धा दिवससुद्धा लागतो.

पुढचं सांगतो. एक धुतलेला सुती मोजा हातात घालून बिट्टीचे गाल आणि हनुवटी चोळा, मग तो मोजा ठमीच्या अंथरुणात ठेवा. दुसऱ्या मोज्यानं उलट. मोजा बघून फिस्कारली तर रागवू नका, लांब ठेवा आणि जवळ खाऊ द्या. दोघींच्या चादरी अदलाबदल करा. मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवणाच्या ताटल्या, आधी दारापासून लांब, रोज थोड्या जवळ. गुरगुरणं थांबून दोघी दाराशी निवांत जेवायला लागल्या की दार दोन बोटं उघडायचं. घाई केली की पुन्हा पहिल्यापासून. कुणाचं चार दिवसांत जमतं, कुणाला महिना लागतो.

तुम्ही तिथे बसाल तेव्हा टक लावून बघू नका, डोळे अर्धे मिटून हळूच उघडा. २०२० मध्ये ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हे करून पाहिलं होतं, माणसानं असे हळू डोळे मिटले तर मांजरही मिटतं आणि जवळही जास्त येतं.

ठमी खातेय ना? एक दिवस पूर्ण उपाशी राहिली तर डॉक्टरांना फोन करा, मांजराला उपास चालत नाही. आणि पुढच्या महिन्यात बिट्टीला नेलंत की परत आल्यावर थेट हॉलमध्ये सोडू नका, आधी वेगळी खोली आणि घरची चादर.

ओंजळीतल्या_दोघी (धायरी)
आज पंधरावा दिवस. टाके निघाले, कॉलर सुटली. मोज्यावर बिट्टी पहिल्या दिवशी फिस्कारली, चौथ्या दिवशी त्याच्यावर हनुवटी ठेवून झोपलेली सापडली, तेव्हा मला रडूच आलं. काल दार दोन बोटं उघडलं होतं. बिट्टीनं फटीतून नाक घातलं, ठमीनं तिकडून लावलं, मग पुन्हा तोच अर्धवट उघडं तोंड करून बघण्याचा प्रकार, माझा श्वास अडकला. पण या वेळी बिट्टीनं तोंड मिटलं आणि ठमीचा कान चाटायला सुरुवात केली. सासूबाई मागे उभ्या होत्या, म्हणाल्या, "वास लागला गं बाई." अजून रात्री वेगळ्याच ठेवतेय, पण आज दुपारी खुर्चीवरची चादर धुवायला काढली होती ती धुतली नाही, तशीच परत टाकली.