मों ब्लां परिक्रमेनंतरचा शेवटचा दिवस : शामोनी की जिनिव्हा?

प्रश्न
जुलैमध्ये आम्ही चौघे पुण्याहून मों ब्लांच्या परिक्रमेला जात आहोत. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंडमधून जाणारी ही सुमारे १७० किलोमीटरची वाट शामोनीच्या खोऱ्यात संपल्यावर आमच्या हाती एक पूर्ण दिवस उरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी जिनिव्हाहून विमान आहे. तो दिवस कुठे घालवावा? सोबत साठी ओलांडलेले काका आहेत.

प्रतिसाद १
माझ्या मते शामोनीतच थांबावे. परिक्रमेत आपण डोंगराला नुसता वळसा घालतो; एग्वी द्यु मिदीच्या रोपवेने ३,८४२ मीटरवर गेले की तेच हिमशिखर अगदी समोर उभे राहते. संध्याकाळच्या बसने जिनिव्हा गाठता येते.

प्रतिसाद २
रोपवे सुंदर आहे, पण जोराचा वारा सुटला की तो बंद ठेवतात, त्यामुळे एकुलता एक दिवस त्याच्या भरवशावर ठेवू नये. ताई, सकाळच्याच बसने निघा. साधारण दीड तासात जिनिव्हा येते.

या शहराचे मों ब्लांशी जुने नाते आहे. इथल्याच सॉस्यूर या निसर्गशास्त्रज्ञाने १७६० मध्ये शिखराची वाट शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर केले, १७८६ मध्ये बाल्मा आणि पाकार हे शामोनीकर माथ्यावर पोहोचले, आणि पुढच्याच वर्षी सॉस्यूर स्वतः उपकरणे घेऊन वर गेले. त्यांची उपकरणे तळ्याकाठच्या विज्ञान-इतिहास संग्रहालयात आहेत. हवेतील दमटपणा मोजण्यासाठी त्यांनी माणसाचा केस वापरला होता, कारण ओलाव्याने केस किंचित लांबतो. परिक्रमेची वाट नुकतीच पायाखालून गेलेली असताना हे पाहणे मला फार मोलाचे वाटते.

नंतर पाकीच्या धक्क्यावर पाण्यात पाय सोडून निवांत बसा. हवा स्वच्छ असेल तर मों ब्लां तिथूनही दिसतो. जुन्या शहरातील कॅथेड्रलच्या मनोऱ्याच्या पायऱ्या मात्र काकांना चढायला लावू नका. इतक्या उतारांनंतर गुडघे बोलू लागतात, हे सिंहगड उतरणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

प्रतिसाद ३
वरील मताशी सहमत. तो दिवस रविवार असेल तर जिनिव्हातील बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून घरच्यांसाठीची चॉकलेटे आधीच घ्यावीत. फ्रान्स-इटलीत युरो चालतो, पण इथे फ्रँक लागतात. ट्रेकिंगच्या काठ्या आदल्या रात्रीच चेक-इन सामानात बांधा.