साखळी उपाहारगृहातील वागणूक आणि बिलात परस्पर लावलेला सेवा आकार : दाद कोठे मागावी?

घोडबंदरवासी

सर्वांना नमस्कार. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर एका प्रसिद्ध साखळी उपाहारगृहाची शाखा आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण मला दाद मागायची आहे, बदनामी करायची नाही. सासूबाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त शनिवारी रात्री आम्ही तेथे गेलो. टेबल आधीच राखून ठेवले होते, तरीही दाराशी बराच वेळ ताटकळत उभे राहावे लागले आणि तेवढ्यात आमच्या मागून आलेली मंडळी आत जाऊन बसली. विचारणा केली तेव्हा "सिस्टिममध्ये दिसत नाही" एवढेच उत्तर मिळाले. आरक्षणाचा संदेश मी फोनवर समोर धरला, पण दारावरच्या तरुणाने तो वाचण्याची तसदीही घेतली नाही.

एवढ्यावर भागले असते तर मी येथे लिहिले नसते. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत. त्यांच्यासाठी व्हेज मंचाव सूप सांगितले होते. दोन-चार चमचे पोटात गेल्यावर वरच्या तळलेल्या नूडल्स बाजूला झाल्या आणि खाली कोंबडीचे तंतू दिसले. कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला, बोलावल्यावर त्याने वाटी उचलली, "बदलून देतो" म्हणाला आणि निघून गेला. दिलगिरीचा एक शब्द नाही. सासूबाईंनी त्यानंतर अन्नाला हात लावला नाही, आणि ते सूप मात्र बिलात इमानेइतबारे लावलेले होते.

बिल असे : खाद्यपदार्थ ४,२०० रुपये, १० टक्के सेवा आकार ४२० रुपये, मिळून होणाऱ्या ४,६२० रुपयांवर ५ टक्के जीएसटी २३१ रुपये, एकूण ४,८५१. सेवा आकार काढा असे सांगितल्यावर मॅनेजरने मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली ओळ दाखवली आणि "कंपनीची पॉलिसी आहे" असे ऐकवले. मुख्य कार्यालयाला ई-मेल केला, तर उत्तरादाखल पुढच्या भेटीसाठी सवलतीचे कूपन आले. ज्या ठिकाणी पुन्हा पाऊल ठेवायचे नाही, तेथील कूपनाचे काय करायचे? या प्रकरणात नेमकी तक्रार कोणाकडे करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वाशीकर

आपल्या हकिगतीत तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्या एकाच अर्जात कालवल्या, तर सर्वांत भक्कम असलेली तक्रार सर्वांत कमकुवत तक्रारीबरोबर वाहून जाईल. ताटकळत ठेवणे आणि उर्मट बोलणे ही सेवेतील त्रुटी म्हणून मांडता येते, पण ती सिद्ध करणे जड जाते. आरक्षणाचा संदेश आहे, तो जपून ठेवा आणि त्याहून जास्त भर त्यावर देऊ नका.

सेवा आकाराचे तसे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपाहारगृहाला तो बिलात आपोआप लावता येत नाही, वेगळ्या नावाखाली वसूल करता येत नाही आणि तो ऐच्छिक असल्याचे ग्राहकाला स्पष्टपणे सांगावे लागते. खाद्यपदार्थांच्या बिलात तो मिळवून त्या बेरजेवर जीएसटी आकारण्यासही त्याच सूचनांत मनाई आहे, आणि आपल्या बिलात नेमके तेच केलेले दिसते. म्हणून मागणी ४२० रुपयांची नव्हे, ४४१ रुपयांची करा, कारण सेवा आकार वगळल्यास जीएसटी २१० रुपये आणि एकूण बिल ४,४१० रुपये होते. उपाहारगृहचालकांच्या संघटनांनी या सूचनांना दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्या याचिका फेटाळल्या. संघटना पुढे अपिलात गेल्या आहेत, हेही माहीत असू द्या, कारण मॅनेजर तोच मुद्दा पुढे करील. मेन्यूवर छापले म्हणजे ग्राहकाने संमती दिली, हा युक्तिवाद मात्र मला अजिबात पटत नाही.

प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तेथे मराठीत बोलता येते. मोठ्या साखळ्या या टप्प्यावर पुष्कळदा पैसे परत करून मोकळ्या होतात.

सुपाचा प्रकार या दोन्हींहून गंभीर आहे. त्यासाठी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे स्वतंत्र तक्रार करा, निःशुल्क क्रमांक १८००२२२३६५. बिलावर चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्याचा क्रमांक, असेल, तो तक्रारीत लिहा. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणे बंधनकारक आहे. नसेल, तर ती आणखी एक तक्रार झाली.

जुना कॅप्टन

मी नवी मुंबईत अशाच एका साखळीत कॅप्टन म्हणून काम केले आहे, म्हणून आतली बाजू सांगतो. समर्थन करण्याचा हेतू नाही. दोन्ही मंचाव दिसायला सारखेच असतात, वर तळलेल्या नूडल्स पडल्या की किचनमधल्या माणसालाही फरक ओळखू येत नाही. ओळख पटते ती केवळ केओटीवरून, म्हणजे ऑर्डर घेतल्यावर किचनमध्ये निघणाऱ्या चिठ्ठीवरून. शनिवारी रात्री माणसे कमी असली की वाटी एका टेबलाची आणि चिठ्ठी दुसऱ्या टेबलाची, असे होते. हे कंपनीला ठाऊक असते. तरी शिफ्टला एक माणूस वाढवला जात नाही, कारण विक्रीच्या किती टक्के रक्कम कर्मचाऱ्यांच्या पगारावर गेली, यावर शाखेच्या मॅनेजरचा हिशेब तपासला जातो. शिव्या मात्र वेटर खातो.

आपल्या कामाची गोष्ट अशी की केओटीची नोंद वेळेसह बिलिंगच्या प्रणालीत राहते. त्यात "व्हेज" लिहिलेले असेल, तर ऑर्डर चुकीची दिली होती असे त्यांना म्हणता येणार नाही. सीसीटीव्हीचे चित्रण मात्र थोड्या दिवसांनी पुसले जाते. म्हणून त्या रात्रीचे चित्रण आणि त्या टेबलाच्या केओटी जपून ठेवाव्यात, असे आजच लेखी कळवा. शाखा फ्रँचायझीची असेल, म्हणजे साखळीचे नाव घेऊन दुसरीच कंपनी ती चालवत असेल, तर मुख्य कार्यालय हात झटकते. बिलावर जीएसटी क्रमांकाजवळ ज्या कंपनीचे नाव छापलेले आहे, तिला पत्र पाठवा आणि त्याची प्रत मुख्य कार्यालयाला द्या.

सेवा आकार कर्मचाऱ्यांना मिळतो अशा समजुतीने पुष्कळ जण तो निमूटपणे भरतात. आमच्या शाखेत तो महिन्याअखेरीस वाटला जाई, पण फुटलेल्या काचेची किंमत त्यातूनच वळती करून. वेटरला द्यायचे असेल, तर त्याच्या हातात द्या.

नेरुळची वाचक

याच साखळीच्या नव्हे, पण दुसऱ्या एका ठिकाणी पाण्याची बाटली छापील किमतीच्या दुप्पट दराने लावली होती. तीही तक्रार १९१५ वर चालेल का?

वाशीकर

तेथे हाती फारसे लागणार नाही. हॉटेल आणि उपाहारगृहात बाटलीसोबत बसण्याची जागा, वाढप आणि वातावरण मिळते, त्यामुळे छापील किमतीहून अधिक आकारणी करता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे. बाटली नको, साधे पाणी आणा, असे बसताक्षणी सांगणे हाच उपाय. मला स्वतःला तो निर्णय ग्राहकावर अन्याय करणारा वाटतो, पण तक्रार नोंदवताना आपल्या वाटण्याचा उपयोग नसतो.

घोडबंदरवासी

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. चित्रण आणि केओटी जपण्याविषयीचे पत्र रजिस्टर्ड पोस्टाने व ई-मेलने पाठवले आहे. बिलावर खरोखरच निराळ्याच कंपनीचे नाव निघाले. १९१५ वर ४४१ रुपयांची तक्रार नोंदवली, अन्न व औषध प्रशासनाकडे सुपाची वेगळी केली. समाधान न झाल्यास ग्राहक आयोगात जाण्याची तयारी आहे. तेथे दोन शंका आहेत. बिल मी भरले, पण त्रास सासूबाईंना झाला, तर तक्रारदार कोण असावे? आणि कंपनीचे कार्यालय बंगळुरूला आहे, तर तेथे खेटे घालावे लागतील का?

वाशीकर

बंगळुरूला जाण्याचे कारण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते. आपल्यासाठी तो ठाणे जिल्ह्याचा आयोग. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. मुदत घटनेपासून दोन वर्षे.

पैसे भरणाऱ्याच्या संमतीने ज्याने सेवा घेतली, तोही कायद्याने ग्राहकच असतो. म्हणून आपण आणि सासूबाई दोघांनी संयुक्त तक्रारदार व्हावे. बिल आपल्या नावाने जोडा आणि सुपाविषयीचे प्रतिज्ञापत्र त्यांचे स्वतःचे, त्यांच्याच शब्दांत असू द्या. कॅप्टनने वाटी उचलताना जे दोन शब्द उच्चारले, ते त्यात जसेच्या तसे लिहा, कारण "बदलून देतो" म्हणणे ही चुकीची वस्तू वाढल्याची त्यांची कबुलीच आहे.