देणगीत आलेले कुलवृत्तांत : दुसरी प्रत ठेवावी की काढून टाकावी?

वाचनकक्ष, दांडिया बाजार

नमस्कार. बडोद्यातील आमच्या मंडळाच्या इमारतीत, माडीवरच्या एका खोलीत, घराण्यांचा शोध घेणाऱ्यांसाठी आम्ही काही वर्षांपासून एक लहानसा ग्रंथसंग्रह चालवतो. गायकवाडांच्या चाकरीत कोकणातून किंवा देशावरून आलेल्या कुटुंबांतील आजची पिढी येथे येते, आपले मूळ गाव कोणते, कुलदैवत कोणते, आपली शाखा बडोद्याला केव्हा आली, असे प्रश्न विचारते आणि आम्ही त्यांच्यापुढे निरनिराळ्या आडनावांचे कुलवृत्तांत (म्हणजे घराण्याच्या सर्व शाखांची माहिती देणारे छापील ग्रंथ), सरदेसाईंच्या मराठी रियासतीचे खंड आणि इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी छापलेली इतिहासाची साधने ठेवतो. संग्रहातील बहुतेक सर्व पुस्तके देणगीतून आलेली आहेत.

गेल्या महिन्यात एका दिवंगत शिक्षकांच्या मुलाने वडिलांची सहा खोकी आणून दिली. त्यांत चौदा कुलवृत्तांत निघाले आणि त्यांपैकी पाच आमच्याकडे पूर्वीपासून आहेत. जागा फार अपुरी असल्यामुळे या पाच दुहेरी प्रती काढून टाकाव्यात आणि पुस्तकांत सापडलेले सुटे कागद एका पाकिटात भरून ठेवावेत, असे कार्यकारिणीतील काही ज्येष्ठांचे मत आहे. त्यांची अडचण खरी आहे, हे मलाही मान्य आहे. पण त्या पाचांपैकी एक प्रत मी पान उलटून पाहू लागले आणि माझा हात थांबला.

प्रत कापडी बांधणीची आहे आणि तिचा खालचा कोपरा कसरीने खाल्लेला आहे. एका शाखेच्या नोंदीत एका गृहस्थांची चार ओळी माहिती छापलेली असून शेवटी फक्त "मुली २" असे आहे. त्या दोन शब्दांपुढे, समासात, बारीक निळ्या शाईने लिहिले आहे : "थोरली ठकू, सासरचे नाव उमाबाई, नवसारीस दिली. धाकटी प्लेगात गेली, वय ९." पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर घरातील श्राद्धतिथींची यादी आहे आणि तिच्यात एक नोंद अशी आहे : "मातोश्री, भाद्रपद वद्य ६, शके १८२४, संवत् १९५८." शिवाय पानांच्या मध्ये चार घड्यांचा एक मोडी कागद आहे, जो मी अजून उलगडलेला नाही.

माझे विचारणे असे आहे की अशी प्रत "दुहेरी" म्हणावी का, सुटे कागद कसे ठेवावेत, आणि अशी देणगी एका कपाटात एकत्र ठेवावी की विषयवार लावावी. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त ग्रंथपाल, रावपुरा

ताई, ती प्रत दुहेरी नाही. छापील मजकूर तोच असला तरी हाताने लिहिलेला मजकूर जगात फक्त त्या एका प्रतीत आहे, आणि कुलवृत्तांताच्या बाबतीत हा फरक इतर कोणत्याही पुस्तकापेक्षा मोठा असतो. कुलवृत्तांत हा ग्रंथ मुळात घरोघरी छापील तक्ते पाठवून, आलेल्या उत्तरांवरून तयार झालेला असतो. ज्या शाखेने उत्तर पाठवले नाही तिची जागा कोरी राहते, ज्यांनी मुलींची नावे कळवली नाहीत त्यांच्या मुली "मुली २" एवढ्याच राहतात, आणि ग्रंथ घरी आल्यावर ज्याला चूक दिसली तो ती आपल्या प्रतीत दुरुस्त करतो. म्हणून मी नेहमी असे सांगत आलो की कुलवृत्तांताची दुसरी प्रत आली की पहिली शेजारी घेऊन बसावे आणि पानोपान ताडून पाहावे. शाईचा एकही शब्द नसेल, पाने पूर्ण असतील, तरच ती प्रत दुसऱ्या संग्रहाला द्यावी. रद्दीत मात्र कधीही घालू नये, कारण असे ग्रंथ बहुधा कुलमंडळांनी आपापल्या सभासदांपुरते छापले आणि ते पुन्हा छापले जाण्याची शक्यता फार थोडी असते.

सुटे कागद एका पाकिटात भरण्याला माझा ठाम विरोध आहे. कागद कोणत्या पुस्तकात, कोणत्या दोन पानांच्या मध्ये सापडला, हीच त्या कागदाची अर्धी ओळख असते. ज्या घराण्याच्या नोंदीपाशी तो ठेवलेला होता त्या घराण्याशी त्याचा संबंध असण्याचा संभव मोठा असतो, आणि सगळे कागद एकत्र झाले की तो धागा तुटतो आणि नंतर कोणालाही जोडता येत नाही. प्रत्येक कागदाला स्वतंत्र लिफाफा करावा, लिफाफ्यावर कागद आत घालण्यापूर्वी पेन्सिलीने पुस्तकाचा दाखल क्रमांक आणि पृष्ठांक लिहावा, आणि पुस्तकात त्या जागी तोच मजकूर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. संग्रहाचा शिक्का हस्तलिखित मजकुरावर येऊ देऊ नये, ही सूचना वाचताना क्षुल्लक वाटेल, पण शिक्क्याच्या जांभळ्या शाईखाली गेलेली नावे मी पाहिली आहेत.

आता कपाटाचा प्रश्न. देणगीदाराच्या नावाचे स्वतंत्र कपाट ठेवण्याचे वचन सहसा देऊ नये. कार्यकारिणी बदलते, जागा बदलते, वचन मोडते आणि देणगीदाराचे कुटुंब दुखावते. पुस्तके विषयवारच लावावीत. ड्यूई पद्धतीने, म्हणजे विषयाला आकडे देऊन, वर्गीकरण करत असाल तर घराण्यांचे इतिहास ९२९.२ मध्ये आणि भारताच्या इतिहासाची पुस्तके ९५४ मध्ये जातील. मात्र दाखल नोंदवहीत "कोणाकडून" हा रकाना प्रत्येक पुस्तकासमोर स्वतंत्र भरावा, "वरीलप्रमाणे" असे लिहून मोकळे होऊ नये, आणि संपूर्ण देणगीची यादी वेगळी करून तिची एक प्रत देणगीदाराला सहीनिशी द्यावी. कपाटे वेगळी झाली तरी त्या शिक्षकांनी काय जमवले होते, कोणत्या घराण्यांचा शोध घेत होते, हे यादीवरून पुन्हा उभे करता येते.

बडोद्यात हे सांगावे लागू नये, असे मला मनापासून वाटते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, आणि मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या मुळाशी महाराजांचा स्वतःचा राजवाड्यातील ग्रंथसंग्रह आहे. पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, ती वरचा उजेड खालच्या मांडण्यांपर्यंत पोहोचावा म्हणून. तरुणपणी तेथे काम करणाऱ्या मंडळींकडून मी शिकलो ते हेच की नोंद आधी आणि मांडणी नंतर.

मोडी अभ्यासक, पुणे

श्राद्धतिथीच्या नोंदीविषयी थोडे लिहितो, कारण ती नोंद आपण दिली आहे त्याहून अधिक बोलते. शके १८२४ च्या भाद्रपदाला ७८ मिळवले की इसवी सन १९०२ येते. (शकाच्या अखेरच्या महिन्यांत, म्हणजे जानेवारी उजाडल्यावर, ७९ मिळवावे लागतात.) उत्तरेत चैत्रात संवत् बदलतो, त्यामुळे १९०२ च्या भाद्रपदात तिकडे संवत् १९५९ चालू होता. गुजरातेत संवत् कार्तिकात, दिवाळीच्या पाडव्याला बदलतो, म्हणून तेथे त्याच दिवशी १९५८ होता. आपल्या यादीत १९५८ आहे. म्हणजे शके लिहिणाऱ्या मराठी घरात संवत् मात्र गुजराती पद्धतीने मोजला जात होता, आणि हे कुटुंब त्या काळी गुजरातेतच स्थिरावलेले होते असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. छापील कुलवृत्तांतात त्या शाखेचे बडोद्याचे वास्तव्य केव्हापासूनचे दिले आहे, ते या नोंदीशी जरूर ताडून पाहावे.

आणखी एक सावधगिरी. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेचा पौर्णिमेला. म्हणून आपला भाद्रपद वद्य पक्ष तिकडे आश्विन कृष्ण पक्ष होतो. याच कुटुंबाची नोंद काशी-प्रयागच्या पंड्यांच्या बहीत शोधायची वेळ आली आणि तेथे आश्विन आढळला, तर ती वेगळी व्यक्ती समजून सोडून देऊ नये. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील वह्या मात्र आपल्याच गणनेच्या असतात, आणि त्यांत यात्रेला आलेल्या माणसाने स्वहस्ते लिहिलेला मजकूर असतो, त्यामुळे समासातील अक्षर कोणाचे हेही कधी कधी तेथे उलगडते.

मोडी कागद घाईने उघडू नये. घडीवर कागद ठिसूळ झालेला असतो आणि नेमकी तेथेच ओळ तुटते. पावसाळी दमट हवेत तो सपाट जागी ठेवून एकेक घडी सावकाश सोडावी, चिकटपट्टी लावू नये आणि प्लास्टिकचे आवरण चिकटवून तर मुळीच घेऊ नये, कारण ते पुन्हा निघत नाही. उघडल्यावर प्रथम मायना पाहावा. "राजश्री अमुक गोसावी यांसी" अशी सुरुवात आणि "बहुत काय लिहिणे" असा शेवट असेल तर ते पत्र आहे. शेवटी "मोर्तबसूद" (म्हणजे शिक्का झाल्याची खूण) असेल तर तो दरबारी कागद आहे आणि त्याचे महत्त्व वेगळे आहे. सन आकड्यांऐवजी अरबी शब्दांत असण्याचा संभव आहे. उदाहरणार्थ, "सलास खमसैन मया व अलफ" म्हणजे तीन, पन्नास, शंभर आणि हजार, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत वापरला जाणारा शुहूर सन ११५३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन १७५२-५३ येतो. घडीसकट, दोन्ही बाजूंची, पुरेशा उजेडात छायाचित्रे घ्यावीत. मी वाचून देईन.

एक देणगीदार, वडोदरा

मी या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूने लिहीत आहे. माझ्या वडिलांची इतिहासाची पुस्तके आम्ही भावंडांनी एका ग्रंथालयाला दिली होती. यादी घेतली नाही, पोच घेतली नाही. दोन वर्षांनी त्यांतील एक पुस्तक मला जुन्या पुस्तकांच्या गाडीवर दिसले. पहिल्या पानावर वडिलांची सही होती आणि आत त्यांनी आमच्या आजोळची वंशावळ लिहून चिकटवलेला कागद फाडून काढलेला होता, त्याचा डिंक तेवढा पानावर राहिला होता. पुस्तक मी विकत घेतले. कागद गेला तो गेलाच, आणि ती माहिती सांगणारे आज घरात कोणी उरलेले नाही. ग्रंथालयाला जागा नव्हती हे मी समजू शकते, पण एक दूरध्वनी केला असता तर आम्ही स्वतः जाऊन सगळे परत आणले असते. म्हणून ताई, कार्यकारिणीने काहीही ठरवले तरी आधी त्या शिक्षकांच्या मुलाला विचारावे, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

एक विषय अजून कोणी काढला नाही. अशा हस्तलिखित नोंदींत दत्तक, दुसरा विवाह, घर सोडून गेलेली व्यक्ती, असे उल्लेख असतात आणि कुटुंबातील काहींना ते उघड होऊ नयेत असे वाटते. दत्तकाची नोंद लपवण्यासारखी नाही, हे बडोद्याइतके कोणाला ठाऊक असणार? कवळाण्याच्या गोपाळरावांना जमनाबाई महाराणींनी १८७५ मध्ये दत्तक घेतले आणि ते सयाजीराव महाराज झाले. वंशावळीत जनक घराणे आणि दत्तक घराणे दोन्हीकडे माणूस दाखवला नाही तर पुढचा शोध घेणारा फसतो. परंतु हयात माणसांच्या बाबतीत मात्र कुटुंबाची लेखी संमती घेतल्याशिवाय ती पाने कोणालाही दाखवू नयेत किंवा त्यांची प्रत देऊ नये, असे मला वाटते.

पोथीवाला, वाडी

कसरीविषयी थोडक्यात लिहितो. नवी खोकी जुन्या कपाटांजवळ नेऊच नयेत. प्रत्येक पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे १८ ते २० अंशांच्या शीतपेटीत आठ-दहा दिवस ठेवावे आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नये, नाहीतर कागदावर दव धरते. वेखंड आणि कडुलिंबाचा पाला आपल्या घरांत परंपरेने वापरतात, पण पाला पानांच्या मध्ये ठेवला की डाग पडतो, म्हणून तो पुरचुंडीत बांधून फळीवर ठेवावा. माडीवर खोली आहे हे उत्तम आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी शिरले तेव्हा तळमजल्यावर खालच्या फळीत ठेवलेल्या माझ्या पोथ्या मला वाचवता आल्या नाहीत.

वाचनकक्ष, दांडिया बाजार

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल शिक्षकांच्या मुलाशी बोलले. समासातील अक्षर त्यांच्या आजीचे आहे, आणि ठकू ही त्या आजीची आत्या. नवसारीच्या घराशी त्यांचा संबंध कधीच तुटलेला आहे आणि उमाबाई हे नाव त्यांनी स्वतः प्रथमच ऐकले. पाचही दुहेरी प्रती ताडून पाहिल्या. आणखी एका प्रतीत दुरुस्त्या सापडल्या, उरलेल्या तीन स्वच्छ आहेत आणि त्या कुटुंबाच्या संमतीने दुसऱ्या संग्रहाला देण्याचे कार्यकारिणीने मान्य केले आहे. एक शेवटची शंका आहे. हा ग्रंथ आम्ही संपूर्ण छायांकित करून वाचकांना देऊ शकतो का?

निवृत्त ग्रंथपाल, रावपुरा

संपादकांच्या निधनाचे वर्ष आधी शोधावे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतो. संपादक १९६० मध्ये वारले असतील तर तो २०२० अखेर संपला. हक्क शिल्लक असेल आणि ग्रंथ भारतात विकत मिळत नसेल, तर सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती करता येतात. समासातील मजकूर मात्र आजींचा आहे, म्हणून त्यासाठी मुलाकडून दोन ओळींची परवानगी दानपत्रातच लिहून घ्यावी.

वाचनकक्ष, दांडिया बाजार

दानपत्राचा मसुदा तसाच केला आहे. दोन्ही प्रती आज नोंदवहीत चढवल्या, आणि पहिल्या प्रतीच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : "समासात हस्तलिखित भर, त्या शाखेतील दोन मुलींची माहिती. मागे श्राद्धतिथी. मोडी कागद १, लिफाफ्यात." मोडी कागदाची छायाचित्रे पुण्याला पाठवत आहे. दोन घड्या सुटल्या आहेत आणि पहिल्या ओळीतला "राजश्री" मला वाचता आला.