माणसं हवेत उडतात, तरी मला खोटं का वाटत नाही?

कातरवेळ:
काल रात्री चिनी दिग्दर्शक किंग हू यांचा तलवारबाजीचा चित्रपट 'अ टच ऑफ झेन' पाहिला. बांबूच्या बनात नायिका शेंड्याकडून थेट खाली सूर मारते, तेव्हा माझा श्वास अडकला. नवरा म्हणाला, "असं कुठे असतं का!" नसतं, मान्य. पण मला ते पटलं. का?

पायघोळ:
कारण ती मारामारी नाहीच, नाच आहे! मी वीस वर्षं भरतनाट्यम शिकवते, म्हणून ठासून सांगते. किंग हूंचे मारामारी बसवणारे हान यिंगजे पीकिंग ऑपेरातून, म्हणजे गाणं, अभिनय आणि कसरतींच्या पारंपरिक चिनी नाट्यातून आलेले. उडीसाठी ट्रॅम्पोलिन, आणि मग इतके आखूड कट की झेप सुरू झालेली दिसते, पाय टेकलेले दिसतात, मधलं आपण मनातच भरतो. किंग हूंचाच १९६६चा 'कम ड्रिंक विथ मी' बघाच. त्यातली नायिका चेंग पेइ-पेइ मुळात बॅले शिकलेली. खानावळीत गुंडांनी घेरलंय आणि बाई ताठ पाठीनं शांत बसलीय. तलवार नंतर निघते, आधी नजर फिरते. मुलींना मी तो प्रसंग दाखवते.

माळरान:
शिवाय ऐटीपेक्षा साधना मोठी. चिनी कथांत अंग हलकं करण्याच्या विद्येला छिंगकुंग म्हणतात. ती तपानं मिळते, म्हणून उडण्याचा मान राखावासा वाटतो.

कातरवेळ:
पायघोळताई, ताठ पाठ! तेच डोळ्यांपुढून हलत नव्हतं. आज नवऱ्याला शेजारी बसवून खानावळीचा प्रसंग लावते.