मदत हवी आहे : रक्तातली साखर ११२, मग लघवीत शुगर +++ कशी?

सायली_धायरी
आईचा युरिन रुटीन रिपोर्ट आत्ता व्हॉट्सॲपवर आला. शुगर +++, अल्ब्युमिन ट्रेस, कीटोन ट्रेस, पस सेल्स ८-१०, एपिथेलियल सेल्स १०-१२, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०३०, कॅल्शियम ऑक्झलेट ऑकेजनल. त्याच सकाळची उपाशीपोटी रक्तशर्करा ११२. मग लघवीत एवढी साखर आली कुठून? किडनी गळतेय का? डॉक्टर परवा भेटणार आहेत, तोवर धीर निघत नाहीये. जाणकारांनी प्लीज लवकर सांगा.

स्लाइडखाली
वय? गोळ्या कोणत्या? नमुना किती वाजता धरला, लॅबमध्ये किती वाजता पोचला? बाटली लॅबची की घरची? क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) केलंय का?

सायली_धायरी
वय ६२. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या. क्रिएटिनिन ०.९. बाटली घरचीच, स्वच्छ धुतलेली. पण प्रश्न साखरेचा आहे हो, बाटलीचा नाही.

स्लाइडखाली
बाटलीचाही आहे, ताई. लघवीत बुडवायच्या तपासणी-पट्टीवरचा, म्हणजे स्ट्रिपवरचा, साखरेचा चौकोन ऑक्सिडेशनवर रंग बदलतो. बाटलीत ब्लीचचा अंश राहिला असेल तर साखर नसतानाही रंग येतो, रक्ताच्या चौकोनाचंही तसंच. उलट व्हिटॅमिन सी च्या गोळ्या जास्त घेतल्या असतील तर असलेली साखरही लपते. म्हणून विचारलं.

भरपूर_पाणी
स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०३० म्हणजे लघवी घट्ट, पाणी कमी पडतंय, सरळ आहे. दिवसाला ४ लिटर पाणी आणि दोन वेळा जवाचं पाणी सुरू करा. लघवी पातळ झाली की अल्ब्युमिनही जाईल.

केशिका
@भरपूर_पाणी, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) जाणार नाही, फक्त पातळ होऊन दिसेनासं होईल. दोन्हींत फरक आहे. आणि ६२ वर्षांच्या बाईंना बीपीच्या कोणत्या गोळ्या आहेत, हृदय कसं आहे, हे माहीत नसताना ४ लिटर सांगू नये.

@सायली, आधी "किडनी गळतेय का" ते बघू. दोन्ही किडन्यांत मिळून सुमारे २० लाख नेफ्रॉन, म्हणजे सूक्ष्म गाळण्या, असतात. प्रत्येकाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुंता असतो, तिथे रक्त गाळलं जातं. पेशी आणि बहुतेक प्रथिनं मागे राहतात. पाणी, मीठ, युरिया, साखर खाली उतरतं. असं दिवसाला सुमारे १८० लिटर गाळलं जातं. लघवी होते दीड-दोन लिटर, कारण बाकीचं पुढच्या नळीत परत शोषलं जातं.

आता साखरेचा हिशोब. १०० मिली रक्तात १०० मि.ग्रॅ. साखर धरली तर १८० लिटरमधून रोज १८० ग्रॅम साखर नळीत उतरते, आणि नळीचा पहिलाच भाग ती जवळजवळ सगळी उचलून रक्तात परत देतो. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की उचलणारे कमी पडतात आणि उरलेली लघवीत येते. ११२ ला ती यायचं कारण नाही. म्हणजे एकतर नमुना धरायच्या आधीच्या तासांत, समजा रात्रीच्या जेवणानंतर, साखर चढून उतरली असेल, कारण लघवी मूत्राशयात साठलेली असते. नाहीतर उचलण्याचं कामच कशाने तरी अडवलंय. "नेहमीच्या गोळ्या" म्हणजे नेमक्या कोणत्या? पाकिटावरचं नाव बघून लिहा.

जुनी_पेठ
ऑक्झलेट स्फटिक दिसतायत, मुतखड्याची तयारी आहे. दूध-दही बंद करू नका, जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवतं. पालक कमी करा, लिंबूपाणी घ्या, मीठ कमी. लघवी दिवसाला अडीच लिटर व्हायला हवी.

स्लाइडखाली
माहिती बरोबर आहे, पण मुतखड्याचं इथे कुणी विचारलेलं नाही. नमुना तासन्‌तास पडून गार झाला की निरोगी माणसाच्या लघवीतही असे स्फटिक तयार होतात. 'ऑकेजनल' वर निदान होत नाही.

सायली_धायरी
पाकीट बघितलं. मेटफॉर्मिन ५००, टेल्मिसार्टन ४० आणि डॅपाग्लिफ्लोझिन १०. शेवटची तीन आठवड्यांपूर्वी वाढवली आहे. नमुना आईने साडेसहाला धरला, पर्वती चढून आल्यावर. लॅबमध्ये मी पावणेदहाला दिला, सिंहगड रोडला ट्रॅफिक होतं. आदल्या दिवशी एकादशी होती, उपास केला होता. त्रास काहीच नाही, जळजळ नाही, ताप नाही.

केशिका
मिळालं उत्तर. डॅपाग्लिफ्लोझिनचं कामच ते आहे. नळीतला साखर उचलणारा दरवाजा ही गोळी अडवते; मधुमेहात दिवसाला सुमारे ७० ग्रॅम साखर लघवीवाटे बाहेर टाकते. गोळी चालू आहे तोवर लघवीत शुगर +++ च येणार. रक्तातली साखर बरी असण्यात हिचा वाटा आहे. किडनीच्या संरक्षणासाठीही ही गोळी देतात, म्हणून +++ बघून घाबरून बंद करू नका.

भरपूर_पाणी
पण १.०३० चं काय? ते तर पाण्याचंच आहे ना?

स्लाइडखाली
कशाने मोजलं त्यावर आहे. रिफ्रॅक्टोमीटरने मोजलं असेल तर १०० मिलीत दर १ ग्रॅम साखरेमागे आकडा सुमारे ०.००४ ने वर जातो. म्हणजे २ ग्रॅम साखर असेल तर १.०२२ चं १.०३० दिसेल. स्ट्रिप मात्र क्षारांचे आयन मोजते, साखर तिला दिसत नाही. रिपोर्टवर पद्धत लिहिलेली असते, तिथे बघा. तरी आदल्या दिवशी उपास आणि सकाळी चढण, तेव्हा थोडी घट्ट लघवी होतीच, एवढं तुमचं मान्य.

केशिका
साखर जाताना पाणीही ओढून नेते, म्हणून या गोळीवर पाणी कमी पडू देऊ नये, हेही खरंच.

पण मला जास्त काळजी कीटोनची आहे. साखरेऐवजी चरबी जळली की ते तयार होतात. उपासाने ट्रेस येऊ शकतं. मात्र या गोळीवर दिवसभर उपास, उलट्या किंवा जुलाब झाले तर रक्तातली साखर नॉर्मल दिसत असतानाही कीटोन घातक पातळीला जाऊ शकतात. शिवाय कीटोनच्या प्रकारांपैकी स्ट्रिप अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट तेवढं ओळखते; जास्त वाढणारं बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट तिला दिसतच नाही. मळमळ, पोटदुखी, धाप किंवा गळून गेल्यासारखं वाटलं तर परवापर्यंत थांबू नका, ग्लुकोमीटर काहीही दाखवो. यापुढे उपासाच्या दिवशी गोळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

सायली_धायरी
आईला आत्ताच विचारलं, यातलं काही नाही, नीट जेवली आहे. मग अल्ब्युमिन आणि पस सेल्स?

स्लाइडखाली
एपिथेलियल १०-१२ म्हणजे बाहेरच्या त्वचेच्या पेशी धारेबरोबर आल्यात, त्यांच्यासोबत पांढऱ्या पेशी, म्हणजे पस सेल्सही येतात. त्यात नमुना सव्वातीन तास खोलीच्या तापमानाला होता. दोन तासांच्या पुढे जंतू वाढतात, पेशी फुटतात. त्रास नसताना या ८-१० वरून अँटिबायोटिक घेऊ नये.

अल्ब्युमिन ट्रेसला पर्वती पुरेशी आहे. दमवणाऱ्या चढणीनंतर थोडं प्रथिन काही तास, कधी दिवसभरही उतरतं. खात्री करायची तर काही लॅबमध्ये अजून जुनी पद्धत आहे: परीक्षानळी दोन तृतीयांश भरायची, वरचाच भाग तापवायचा. गढूळ झालं तर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचे ३-४ थेंब टाकायचे. गढूळपणा विरघळला तर फॉस्फेट, राहिला तर प्रथिन. खालचा न तापवलेला भाग शेजारीच तुलनेला असतो, म्हणून अंधुक ढगसुद्धा सुटत नाही.

जुनी_पेठ
रिचर्ड ब्राइट हेच करायचे, चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर. १८२७ मध्ये सूज, लघवीतलं अल्ब्युमिन आणि किडनीचा आजार यांची सांगड त्यांनी घातली. २४ तासांची लघवी जमवून प्रोटीन मोजा, तीच खरी तपासणी.

केशिका
२४ तासांचा डबा इथे नको, एक वेळची लघवी चुकली तरी आकडा बिघडतो. सकाळच्या पहिल्या लघवीवर अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, एसीआर, करा. क्रिएटिनिनशी भागल्यामुळे लघवी पातळ की घट्ट हा प्रश्नच उरत नाही. ३० मि.ग्रॅ. प्रति ग्रॅमच्या आत असेल तर ठीक. ३० ते ३०० आला तर तीन ते सहा महिन्यांत पुन्हा करून तीनपैकी दोनदा वाढलेला दिसायला हवा. क्रिएटिनिन ०.९ वरून त्यांचा ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याचा वेग) सुमारे ७२ येतो, तूर्त गाळणीबद्दल घाबरायचं कारण नाही. मधुमेह आहे म्हणून एसीआर दरवर्षी मात्र चुकवू नका.

सायली_धायरी
उद्याच करते. नमुना कसा धरायचा?

स्लाइडखाली
लॅबमधून आजच निर्जंतुक डबी आणा. झोपेतून उठल्यावरची पहिली लघवी. आधी साध्या पाण्याने पुढून मागे धुवायचं, साबण नको, कोरडं पुसायचं. पहिली धार सोडून द्यायची, मधली ३०-४० मिली डबीत, शेवटची पुन्हा सोडायची. झाकण आतून बोट न लावता उघडायचं. तासाभरात पोचत नसेल तर डबी पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. डबीवर नाव आणि वेळ, आणि लॅबच्या फॉर्मवर 'डॅपाग्लिफ्लोझिन चालू' असं लिहा.

केशिका
आज आई पर्वतीला गेल्या होत्या का?

सायली_धायरी
हो, सकाळीच. रोज जाते.

केशिका
मग उद्या नको. उद्या पर्वतीला सुट्टी द्या आणि नमुना परवा पहाटेचा धरा.